आयडलचा स्क्रू पूर्ण बंद, तरी इंजिन १६०० वर: हवा शिरते कुठून?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १९७७ ची डॅट्सन २८०झेड, मॅन्युअल गिअर, मूळची इंजेक्शन सिस्टिम अजून शाबूत. थंड इंजिन सुरू केलं की आरपीएमचा काटा ११०० च्या आसपास उभा राहतो. इंजिन तापल्यावर तो खाली यायला हवा, पण तो चढत चढत १६०० वर जाऊन बसतो. आयडलचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने चालतं त्या वेगाचा, स्क्रू फिरवून फिरवून पूर्ण आत नेलात, फरक नावापुरता. तापमानाचा सेन्सर नवा घातलात, तरी तेच. आता कुणीतरी ईसीयू (इंजेक्शन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलायला सांगितलाय, आणि तो बदलावा का असं तुम्ही विचारताय.

बदलू नका. तुमच्या गाडीच्या ईसीयूकडे इंजिनात हवा वाढवायचं साधनच नाही. इंजेक्टर किती वेळ उघडे ठेवायचे एवढंच तो ठरवतो. पुढच्या काळातल्या गाड्यांत ईसीयू आयडलची हवा कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह चालवतो, तो प्रकार तुमच्याकडे नाही. आणि पेट्रोल इंजिनाचा आयडल मुख्यतः हवेवर ठरतो. नुसतं पेट्रोल वाढवलं तर वेग जेमतेम वाढेल, मग एक्झॉस्टमधून काळा धूर येईल, प्लग काळे पडतील आणि इंजिन मिसिंग करायला लागेल. ८०० च्या जागी १६०० वर गुळगुळीत चालायचं तर जास्तीची हवा आत जायलाच हवी, आणि त्या हवेला साजेसं पेट्रोलही मिळायला हवं. त्यामुळे प्रश्न ‘आयडल कसा कमी करू’ हा नसून ‘ही हवा कोणत्या वाटेने जाते’ हा आहे. वाट सापडली की दुरुस्ती बहुतेक वेळा किरकोळ असते.

तुम्ही दिलेल्या माहितीत दोन गोष्टी फार कामाच्या आहेत. पहिली, आयडल स्क्रू बंद करूनही फरक नाही. हा स्क्रू म्हणजे थ्रॉटल प्लेटला (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेला) वळसा घालून जाणाऱ्या एका बारीक वाटेचा अडसर. ती वाट बुजवूनही इंजिन १६०० वर आहे, म्हणजे हवेला दुसरी आणि बरीच मोठी वाट मिळाली आहे. दुसरी, थंडीत ११०० आणि गरम झाल्यावर १६००. मला हे लक्षण सगळ्यात बोलकं वाटलं. थंड ऑइल घट्ट असतं, इंजिनाला स्वतःलाच फिरवायला जास्त जोर लागतो. ऑइल पातळ झालं की तीच हवा, तेच पेट्रोल इंजिनाला जास्त वेगाने फिरवतं. आयडल तापमानाबरोबर असा चढत गेला, तर हवेची ती वाट थंडीत जेवढी उघडी होती तेवढीच गरम झाल्यावरही उघडी आहे, असा अर्थ निघतो. थंडीत उघडून गरम झाल्यावर बंद व्हायचं काम ज्या भागाचं आहे तो आपलं काम करत नाही, किंवा थ्रॉटल प्लेट कायमचीच थोडी उघडी आहे. माझा संशय या दोघांवर आहे. तरी संशयाच्या जोरावर पार्ट मागवू नका, आधी सिद्ध करा.

एक थोडी थिअरी सांगतो, कारण तिच्यामुळे तपासणीची पद्धत ठरते. आयडलला इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतच्या नळ्यांत, बाहेरच्या दाबाच्या साधारण तिसरा हिस्सा ते दोन पंचमांश दाब असतो. आतला दाब बाहेरच्या निम्म्याच्या जवळपास आला की फटीतून जाणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि त्यापुढे वाढत नाही. म्हणजे आयडलला आत जाणारी हवा फटींच्या एकूण क्षेत्रफळावर ठरते, इंजिन किती जोर लावून ओढतंय यावर नाही. सगळ्या फटींची सरळ बेरीज होते. म्हणूनच एकेक वाट बुजवायची आणि काटा किती पडतो ते बघायचं, ही पद्धत इतकी खात्रीची आहे. आणि म्हणूनच तुमची गाडी रस्त्यावर पळताना ठणठणीत वाटते: थ्रॉटल उघडल्यावर त्या छोट्या फटीला काही किंमतच उरत नाही.

आता परिस्थितीप्रमाणे बदलणारी गोष्ट. जुन्या इंजेक्शन गाडीचा आयडल वाढला की लोक पहिलं उत्तर देतात: ‘व्हॅक्यूम लीक बघ’, म्हणजे फाटक्या नळीतून किंवा फटीतून हवा आत ओढली जाते का ते बघ. हे उत्तर काही गाड्यांत बरोबर आणि काहींत दिशाभूल करणारं आहे. गाडी हवा कशी मोजते यावर ते अवलंबून असतं. बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इंजेक्शन सिस्टिम १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर आली. ती मॅनिफोल्डमधला दाब मोजते. थ्रॉटलच्या पुढे कुठेही नळी फाटली, तर शिरलेली हवा दाब वाढवते, सेन्सरला ती दिसते आणि ईसीयू तिच्या जोडीला पेट्रोल देतो. अशा गाडीत लीक म्हणजे जणू कुणीतरी ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरलाय. आयडल वाढतो आणि इंजिन गुळगुळीत चालतं.

तुमची सिस्टिम एल-जेट्रॉनिक घराण्यातली, जी सत्तरच्या दशकात आली. हिच्यात एअर फिल्टरनंतर फ्लॅपचा मीटर असतो. आत जाणारी हवा तो फ्लॅप ढकलते आणि फ्लॅप किती ढकलला गेला त्यावर पेट्रोल ठरतं. मीटरच्या पुढे नळी फाटली तर तिथून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त). इंजिन थरथरतं, अडखळतं, मोठी लीक असेल तर बंद पडतं. साधारणपणे आयडल वाढत नाही. के-जेट्रॉनिक पूर्णपणे मेकॅनिकल आहे, पण तिच्यातही हवा एका तबकडीवरून मोजली जाते, त्यामुळे या बाबतीत ती एल-जेट्रॉनिकसारखीच वागते.

तुम्ही लिहिलंय की इंजिन १६०० वर ‘शिवणयंत्रासारखं’ चालतं. तसं असेल तर जास्तीची हवा मोजून आलेली आहे. ती मीटरमधून गेली आहे आणि थ्रॉटल प्लेटला कुठूनतरी बगल देऊन आत पोचली आहे, किंवा प्लेटच्या कडेनेच गेली आहे. संशयितांची यादी इथेच निम्म्याहून लहान झाली.

अर्थात याला अपवाद आहे, आणि जुन्या गाड्यांत तो वारंवार भेटतो. आधीच्या कुणी मालकाने लीक शोधायच्या ऐवजी मीटरवरचा मिश्रणाचा स्क्रू फिरवून, किंवा फ्लॅपची स्प्रिंग सैल करून, मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) करून ठेवलेलं असतं. मग न मोजलेल्या हवेलाही पेट्रोल पुरतं आणि एल-जेट्रॉनिक गाडी डी-जेट्रॉनिकसारखी वागायला लागते. हे ओळखायला सोपी चाचणी आहे. गरम इंजिन आयडलवर चालू असताना ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढा. तुमच्या गाडीत हे झाकण उघडणं म्हणजे एक मोठी लीक मुद्दाम तयार करणं. इंजिन लगेच गडगडलं किंवा बंद पडलं, तर ब्रीदरपासून (इंजिनातली वाफ इनटेककडे नेणाऱ्या नळीपासून) मॅनिफोल्डपर्यंतचा मार्ग बऱ्यापैकी हवाबंद आहे आणि मिश्रणही वाजवी आहे. झाकण काढूनही इंजिन ढिम्म, किंवा उलट सुधारलं, तर आधीच कुठेतरी मोठी लीक आहे किंवा मिश्रण फारच रिच आहे. मग पुढचं सगळं थांबवून आधी ते बघायचं. डिपस्टिकचा रबर, झाकणाचा वायसर, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट यातलं काहीही हवा घेत असेल तरी एल-जेट्रॉनिकला ती इनटेकची लीकच असते. हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण गरम करा, हेडलाइट, एसी, पंखा सगळं बंद ठेवा, आणि गाडीतल्या काट्यावर विसंबू नका. चाळीसपन्नास वर्षांचा तो काटा शंभरदोनशेने सहज खोटं बोलतो, वेगळा टॅकोमीटर लावा. रबर नळ्या चिमटायला गुळगुळीत जबड्याचा क्लॅम्प घ्या. दातांची पक्कड जुन्या रबराला चिरते आणि तुम्ही तपासता तपासता नवी लीक करून ठेवता. पेट्रोलच्या नळ्यांवर आधी हात फिरवा, कुठे ओल किंवा भेगा दिसल्या तर बाकी सगळं नंतर.

पहिली पाळी थ्रॉटलची, कारण तिला काहीच खर्च नाही. इंजिन चालू असताना थ्रॉटलची दांडी बोटाने बंद दिशेला दाबा. आयडल पडला तर प्लेट पूर्ण बंद होत नाहीये: परतीची स्प्रिंग थकलेली, सांध्यांत मळ, किंवा लिंकेज ताणलेलं. ॲक्सिलरेटरकडून येणारा रॉड थ्रॉटलपासून सोडवा आणि परत बघा. इंजिनाचे माउंटिंग बसले असतील तर इंजिन किंचित खाली जातं आणि रॉड किंवा केबल थ्रॉटलला सतत ओढून धरते. असला दोष थ्रॉटल बॉडी उघडून कितीही साफ केलीत तरी जाणार नाही.

दाबूनही काही फरक नाही, तर प्लेट कशावर टेकली आहे ते बघा. दांडीखाली एक छोटा स्टॉप स्क्रू असतो. तो आयडल कमीजास्त करायला दिलेलाच नाही. प्लेट बोअरमध्ये रुतून अडकू नये एवढंच त्याचं काम, आणि तो कारखान्यात बसवून सोडलेला असतो. पण दिसायला अगदी आयडल स्क्रूसारखा असल्याने त्याच्यावर पाना चालवलेली गाडी जास्त भेटते, न चालवलेली कमी. इंजिन बंद करून हा स्क्रू पूर्ण सैल करा, प्लेट आपल्या जागी बसू द्या, मग स्क्रू दांडीला जेमतेम टेकेपर्यंत फिरवा आणि त्यानंतर अगदी किंचित पुढे. प्लेट झटक्याने सोडली तरी रुतता कामा नये, एवढं पुरे. थ्रॉटल बॉडी उतरवलीच असेल तर प्लेट बंद करून उजेडाकडे धरा. कडेने सारखी, केसाएवढी रेघ दिसली तर ठीक. एका बाजूला चंद्रकोर दिसत असेल तर कुणीतरी प्लेट काढून वाकडी बसवली आहे. तिचे दोन स्क्रू सैल करून, प्लेट बोअरमध्ये आपोआप मध्यावर येऊ देऊन परत घट्ट करा. ते स्क्रू सुटून इंजिनात गेले तर काय होईल हे सांगायला नको, तेव्हा लॉक करायला विसरू नका.

प्लेट जास्त उघडी असण्याचा आणखी एक परिणाम असतो आणि तो फसवा असतो. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (मॅनिफोल्डच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) नळी बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीवरच्या अशा छिद्राला जोडलेली असते, जे आयडलला प्लेटच्या वरच्या, बाहेरच्या बाजूला राहतं. तिथे आयडलला ओढ नसते. प्लेट थोडी उघडी राहिली की ते छिद्र तिच्या खाली जातं, ओढ सुरू होते, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे सरकतं आणि आयडल आणखी चढतो. एकाच स्क्रूने हवाही वाढवली आणि टायमिंगही. हे तपासायला ती नळी डिस्ट्रिब्युटरकडून काढून टोकाला बोट लावा. आयडलला बोट ओढलं गेलं तर प्लेट जास्त उघडी आहे किंवा नळी चुकीच्या तोंडाला जोडलेली आहे.

थ्रॉटल निर्दोष निघाला की माझ्या मुख्य संशयिताकडे या: ऑक्झिलरी एअर रेग्युलेटर. थंडीत इंजिनाला जास्तीची हवा देणारा हा छोटा डबा. मीटर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या नळीतून हवा घेतो आणि थ्रॉटलच्या पलीकडे सोडतो, म्हणून त्याची हवा मोजलेली असते. आत बायमेटलची, म्हणजे तापल्यावर वाकणारी दोन धातूंची, पट्टी आणि तिला जोडलेली एक पडदी. थंडीत पडदीची खिडकी उघडी. इंजिन सुरू झालं की पट्टीभोवतीच्या तारेला वीज मिळते, पट्टी तापून वाकते आणि पडदी हळूहळू खिडकी झाकते. शिवाय इंजिनाची उष्णताही तिला मदत करते. हवामानाप्रमाणे पाचदहा मिनिटांत खिडकी पूर्ण बंद व्हायला हवी.

चाचणी अशी: पूर्ण गरम इंजिन, आयडलवर, याच्या दोनपैकी एका नळीला क्लॅम्प. चांगल्या रेग्युलेटरवर काटा हलायला नको, फार तर पन्नासाने. तुमच्या बाबतीत तो १६०० वरून धाडकन खाली आला, किंवा आयडल स्क्रू बंद असल्यामुळे इंजिन बंदच पडलं, तर चोर सापडला. पण लगेच नवा डबा मागवू नका. त्याला वीज मिळते का ते बघा. वीज बहुतेक वेळा पेट्रोल पंपाच्या रिलेबरोबर येते, म्हणून इंजिन चालू असताना डब्याच्या वायरच्या प्लगवर बॅटरीचा व्होल्टेज मिळायला हवा. मिळत नसेल तर दोष वायरिंगचा, आणि नवा डबाही तसाच उघडा राहील. प्लगमधल्या हिरव्या गंजाने ही चूक किती जणांकडून करवून घेतली असेल! वीज आहे, तर डब्याच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स मोजा. या घराण्यातल्या डब्यांत तो साधारण दोन आकडी ओहम असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली.

वीजही आहे, तारही शाबूत आहे, तरी खिडकी उघडी, तर डबा आतून चिकटलेला असणार. ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ तिथे जमून डिंकासारखी होते. डबा उतरवा, आत टॉर्च मारून खिडकी पाहा, कार्ब क्लीनर सोडून थोडा वेळ भिजू द्या, झटकून टाका, पुन्हा करा. पडदीला स्क्रूड्रायव्हरने ढकलू नका. पट्टी एकदा वाकली की तिचं तापमानाचं गणित बिघडतं. साफ करून, पूर्ण वाळवून, टेबलावर १२ व्होल्ट द्या आणि खिडकी झाकली जाते का ते डोळ्याने बघा. नंतर गार होऊ दिल्यावर ती परत उघडायलाही हवी. कारण बंद अवस्थेत चिकटलेला डबा गरम आयडल छान देतो आणि थंडीत गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. गाडी वेगळ्या घराण्यातली असेल, आणि हा भाग विजेऐवजी कूलंटवर तापणारा असेल, तर थर्मोस्टॅटही तपासा. थर्मोस्टॅट उघडा अडकला किंवा कुणी काढूनच टाकला, तर कूलंट पुरेसं तापत नाही आणि चांगला व्हॉल्व्हही बंद होत नाही. कूलंट कमी असून त्या जागी हवेचा बुडबुडा अडकला तरी तेच.

तुमच्या गाडीत अशी आणखी एक वाट आहे जिच्यावर फार थोडे लोक बोट ठेवतात. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर एकदम सोडल्यावर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम फार वाढतो, त्या वेळी थोडी हवा आत सोडणारं डिसिलरेशन डिव्हाइस. आतला डायाफ्राम फाटला किंवा ॲडजस्टमेंट बिघडली की ते आयडललाही उघडं राहतं. अडचण अशी की त्याला चिमटायला बाहेर नळीच नाही, ते थ्रॉटलच्या खालीच बसवलेलं असतं. याचं लक्षण मात्र वेगळं असतं. सरळ आयडलपेक्षा इंजिन रेस करून सोडल्यावर काटा पंधराशे-दोन हजारांच्या मध्ये लटकतो आणि मग सावकाश खाली येतो. तुमचा काटा लटकत नाही, नुसता चढतो, म्हणून मी याला मागच्या रांगेत ठेवतोय. रेग्युलेटर आणि थ्रॉटल दोन्ही निर्दोष निघाले तर ते उतरवून, त्याची तोंडं तात्पुरत्या गॅस्केटने बुजवून बघा.

इथवर थांबून हिशेब करा: रॉड सोडवल्यावर आयडल किती, रेग्युलेटरची नळी चिमटल्यावर किती, ऑइलचं झाकण काढल्यावर इंजिन काय करतं. हे तीन निकाल लिहून ठेवा. याच क्रमाने गेलात तर तुमच्यासारखी बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, आणि न मिटली तर पुढे कुठे बघायचं ते या तीन निकालांवरून कळतं.

झाकणाच्या चाचणीत इंजिन ढिम्म राहिलं, म्हणजे न मोजलेल्या हवेचा संशय असेल, तर बाकीच्या नळ्या एकेक करून चिमटा: ब्रेक बूस्टरची, एसीची, चारकोल कॅनिस्टरची (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याची), पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत नेणाऱ्या व्हॉल्व्हची). बूस्टर तपासताना ब्रेक दाबून कान द्या, पेडलजवळ फुसफुस ऐकू आली तर डायाफ्राम गेला, आणि हा प्रश्न आयडलचा न राहता ब्रेकचा झाला. मग इंजेक्टरखालचे रबर. उष्णतेने ते काचेसारखे कडक होतात आणि इंजेक्टर बोटाने फिरवला की सहज फिरतो. अशा रबरांचा पूर्ण सेटच बदला, एकेक बदलत बसू नका. कार्ब क्लीनर फवारून लीक शोधायची पद्धत मला पसंत नाही. खाली तापलेला एक्झॉस्ट, शेजारी जुन्या प्लग वायर, आणि हातात ज्वालाग्राही फवारा. अगदी कमी दाबाने धूर सोडणारं यंत्र कुणाकडे असेल तर इंजिन बंद ठेवून तेच वापरा, धूर बाहेर आलेला डोळ्यांना दिसतो. नसेल तर साध्या पाण्याचा बारीक फवारा गॅस्केटच्या सांध्यावर मारा. लीकवर पाणी ओढलं गेलं की इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो.

एक सावधगिरी. डी-जेट्रॉनिकवाले ‘एअर नळी काढून थ्रॉटलचं तोंड झाका, इंजिन बंद पडतं का बघा’ असं सांगतात. त्यांच्या गाडीत ही चाचणी उत्तम आहे. तुमच्याकडे मीटरपुढची नळी काढली की फ्लॅप मिटतो आणि इंजिन बंद पडतं. त्या काळच्या बऱ्याच एल-जेट्रॉनिक गाड्यांत तर फ्लॅप मिटला की पेट्रोल पंपाचीच वीज तुटते. इंजिन बंद पडलं एवढ्यावरून लीक नाही असा निष्कर्ष काढलात तर फसाल.

डी-जेट्रॉनिकचा विषय निघालाच आहे तर: तिथे आयडल कधी कधी एका आकड्यावर न राहता १००० ते १८०० असा झोके घेतो. बंद थ्रॉटल आणि जास्त आरपीएम हे एकत्र दिसलं की गाडी उतारावर आहे असं समजून ईसीयू पेट्रोल तोडतो, वेग पडला की परत देतो, लीकमुळे वेग पुन्हा चढतो, आणि हे चालूच राहतं. तिथेही ईसीयू बिचारा नेमून दिलेलं कामच करत असतो.

आता टायमिंग. सगळ्या वाटा बुजवून तपासल्या, हवा जास्त जात नाही, तरी आयडल चढा, असं क्वचित होतं आणि तेव्हा डिस्ट्रिब्युटर बघायचा. सेंट्रिफ्युगल वजनांच्या (वेगाबरोबर बाहेर फेकली जाऊन टायमिंग पुढे नेणाऱ्या वजनांच्या) स्प्रिंग थकल्या किंवा वजनं गंजून उघडी अडकली की टायमिंग आयडललाच पुढे सरकलेलं राहतं. काही गाड्यांत आयडलला टायमिंग मागे ओढणारा दुसरा डायाफ्राम असतो, त्याची नळी निसटली तरी तेच होतं. पण टायमिंग मोजायचा स्ट्रोब लाइट लावण्याआधी एक विचार करा. १६०० आरपीएमला सेंट्रिफ्युगल ॲडव्हान्स आधीच थोडा आलेला असू शकतो, म्हणून त्या वेगावर दिसणारा आकडा बेस टायमिंग, म्हणजे ॲडव्हान्सशिवायचं मूळ टायमिंग, नव्हे. तो जास्त दिसला म्हणून डिस्ट्रिब्युटर फिरवून मागे आणलात, तर आयडल थोडा पडेल आणि तुम्हाला रोग बरा झाल्यासारखं वाटेल. प्रत्यक्षात गाडी मरगळेल, जास्त तापेल, आणि हवेची वाट उघडीच राहील. रेग्युलेटरची नळी चिमटून ठेवा, आयडल ८०० च्या आसपास आणा, बॉनेटखालच्या स्टिकरवर सांगितलं असेल तर व्हॅक्यूम नळी काढून टोक बुजवा, आणि मग आकडा वाचा.

तुमचा जुना तापमान सेन्सर फेकला नसेल तर जपून ठेवा. तुमच्या सिस्टिममध्ये तो फक्त पेट्रोल कमीजास्त करतो, त्यामुळे एकट्याने तो ८०० चे १६०० करू शकत नाही. या प्रकारच्या सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंश सेल्सिअसला साधारण अडीच किलोओहम आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. एक भांडं गरम पाणी आणि मल्टिमीटर घेऊन मोजा, जुना ठीक निघाला तर तो सुटा पार्ट म्हणून डिकीत राहू द्या. नव्या सेन्सरचा प्लग सैल बसला नाही ना, एवढं मात्र नक्की बघा.

आयडल ईसीयूच सांभाळतो अशी मोट्रॉनिक किंवा एलएच-जेट्रॉनिक या नंतरच्या सिस्टिमची गाडी असलेल्यांना यातलं सगळं जसंच्या तसं लागू पडणार नाही. तिथे तापमान सेन्सर चुकीचं सांगत असेल तर ईसीयू मुद्दाम जास्त आयडल ठेवतो. थ्रॉटलचा आयडल स्विच बंद झाला नाही, तर ईसीयूला आपण आयडलवर आहोत हेच कळत नाही. थ्रॉटल हळूच उघडताना अगदी सुरुवातीलाच ‘टिक’ आवाज आला पाहिजे. मग आयडल व्हॉल्व्हमधला कार्बन.

तुमच्याकडे परत येतो. दोष सापडून दुरुस्त झाला की सेटिंगचा क्रम पाळा. स्टॉप स्क्रू वर सांगितल्याप्रमाणे. आयडल स्क्रू बंद अवस्थेतून साधारण दोन फेरे बाहेर, नाहीतर दुरुस्तीनंतर इंजिन सुरूच राहणार नाही आणि तुम्हाला वाटेल नवीन काहीतरी बिघडलं. पूर्ण गरम इंजिन, रेग्युलेटर बंद झाल्याची खात्री, टायमिंग, मग आयडल स्क्रूने स्टिकरवरचा आकडा, मॅन्युअल गिअरला ८०० च्या आसपास. मिश्रणाला हात सगळ्यात शेवटी, आणि एक्झॉस्ट गॅस मोजायचं यंत्र असेल तरच. नंतर इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड सुरू करून बघा. या वेळी काटा आधी वर जाऊन मग उतरायला हवा. नाहीच उतरला, तर वरचे तीन निकाल आणि रेग्युलेटरच्या प्लगवर मिळालेला व्होल्टेज कळवा, तिथून पुढे बघू.